सात झगे आणि एक इंच

१

सोमवारी सकाळी दहा वाजता भावाच्या घरात शिलाई मशीनवर चादर घातलेली दिसली आणि आत्याच्या मनात पाल चुकचुकली.

एकतीस वर्षांत त्या मशीनवर दिवसाउजेडी कधी चादर पडली नव्हती. पुढच्या खोलीत खिडकीपाशी मशीन, शेजारी काकूची खुर्ची, भिंतीला आरसा आणि दारात ताटकळलेली दोन-चार माणसं, हे त्या घराचं रोजचं रूप. काकू म्हणजे आत्याची भावजय. अख्खी गल्ली तिला काकूच म्हणे. तिचं काम एकच, कपड्यांची उंची कमी करणं. नवीन कपडे शिवायच्या भानगडीत ती कधी पडली नाही. कुणाची पँट टाचेखाली येतेय, कुणाचा स्कर्ट मोठ्या बहिणीकडून आलाय, कुणाचा पडदा जमीन झाडतोय, सगळे काकूकडे. ती खालची कड दुमडायची, टाचण्या लावायची आणि हाताने असे टाके घालायची की बाहेरून शोधूनही सापडू नयेत.

आज खोलीत चिटपाखरू नव्हतं. टेबलावर सात लांब जांभळे झगे रचून ठेवले होते आणि काकू मान खाली घालून सुया डबीत भरत होती.

"काय गं, कुठे दौऱ्यावर निघालीस?" आत्याने विचारलं.

"कुठे नाही, वन्सं. बंद करतेय." काकूचा आवाज अगदी सपाट होता. "डोळे गेले माझे. चार वाजता कोपऱ्यावरचा शिंपी येऊन मशीन घेऊन जाणार आहे."

आत्या खुर्चीत बसली नाही, आदळली. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. गायनमंडळाच्या बारा बायकांचा परवा, बुधवारी कार्यक्रम होता. बाराही झगे एकाच मापाचे आले होते आणि बायका मात्र बारा उंचीच्या. गायनमास्तर म्हणजे काटेकोर माणूस. त्यांची अट अशी की प्रत्येकीची कड जमिनीपासून बरोबर चार इंच वर हवी, म्हणजे सगळ्या ओळीने उभ्या राहिल्या की खाली एक सरळ रेघ दिसेल. काल रविवारी तालमीला बायका झगे घालून उभ्या राहिल्या आणि रेघ मधेच पायरी चढली. मास्तर गाणं सोडून पट्टी घेऊन गुडघ्यांवर बसले आणि एकेकीची कड मोजत ओळीच्या शेवटापर्यंत गेले.

त्यांची चिठ्ठी सगळ्यात वरच्या झग्याला टाचणीने लावलेली होती. पाच जणींच्या पुढे ४ लिहिलं होतं. सात जणींच्या पुढे ५.

"मंगळवारपर्यंत केलेले पाच बरोबर आले," काकू म्हणाली. "गुरुवारपासून केलेले सात आखूड. आणि मधल्या बुधवारी काय झालं? मी डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले, नवा चष्मा घेऊन आले. आता यात शोधायचं काय राहिलं?"

आत्याने चिठ्ठी दोनदा वाचली. मग पिशवी खाली ठेवली आणि तिच्यातून स्वतःची पोलादी टेप काढली. ती टेप तिच्यापासून कधी लांब नसे.

"चार वाजेपर्यंत मला वेळ दे," ती म्हणाली. "या घरात कुणीतरी खुंटी हलवलीय."

२

खुंटी हा शब्द आत्याच्या तोंडी उगाच नव्हता. तेहतीस वर्षं तिने जमीन मोजणीच्या कचेरीत काढली होती. उन्हातान्हात साखळी ओढत, खुंट्या ठोकत शेजाऱ्याशेजाऱ्यांच्या हद्दी ठरवल्या होत्या. लग्नाआधी तिने नवऱ्याची उंची मोजून घेतली होती असं घरात चिडवायचे, आणि तिने ते कधी नाकारलं नव्हतं.

"हे बघ," ती काकूला म्हणाली. "डोळे चुकतात तेव्हा कधी इकडे चुकतात, कधी तिकडे. एक झगा अर्धा इंच आखूड होईल, दुसरा पाऊण इंच लांब होईल. सातही वेळा एकाच बाजूला आणि नेमका एकच इंच चुकणारे डोळे मी तरी पाहिले नाहीत. असं चुकतं ते माप."

"माप तेच आहे, वन्सं. काही बदललं नाही."

"मग कसं मोजतेस ते सांग. पहिल्यापासून, मला काही कळत नाही असं समजून."

काकूने सांगितलं. तिचे गुडघे वाकत नाहीत, म्हणून गिऱ्हाईक उभं राहतं बुटक्या स्टुलावर आणि ती बसते खुर्चीत. स्टूल नऊ इंच उंच. त्याच्या शेजारी जमिनीवर लाकडी पट्टी उभी धरायची. पट्टीवर नऊ इंचांवर चाकूने पाडलेली जुनी खाच आहे. ती खाच म्हणजे उभ्या माणसाच्या तळपायाची पातळी. बोटाने खाच चाचपायची, तिथून वर चार इंच घ्यायचे आणि खडूने खूण करायची. स्टुलाभोवती पट्टी फिरवत गेलं की सगळ्या घेराला सारखी खूण.

आत्याने आपली पोलादी टेप पट्टीला लावली. तंतोतंत. काकूची कापडी टेप तपासली. तीही तंतोतंत. मग तिने एका झग्याची कड उलटी केली आणि भिंग लावून टाके पाहिले. मुंगीच्या पावलांइतके बारीक, एकासारखा एक. डोळे गेलेल्या बाईचे हे टाके नव्हते, एवढं तिला तेव्हाच कळलं, पण बोलून उपयोग नव्हता. काकूला पुरावा हवा होता.

तेवढ्यात आतून सून आली. ती घरी बसून शिकवण्या घेई आणि या खोलीवर तिचा डोळा आहे हे ती कुणापासून लपवत नसे.

"आत्या, तुम्ही माझ्याकडे असं बघू नका," ती आल्याआल्या म्हणाली. "हो, मला खोली हवीय. महिन्यापूर्वीच आईंना तोंडावर सांगितलंय, सकाळची तुम्ही घ्या, संध्याकाळची मला द्या. त्यासाठी मी त्यांचे झगे कशाला बिघडवू?"

"बुधवारी तू इथे होतीस?"

"संध्याकाळी होते. खोली झाडली. बाकी कशाला हात लावला नाही. एक चिंधीची घडी पडली होती जमिनीवर, ती उचलून चिंध्यांच्या टोपलीत टाकली, एवढंच."

"तुझं काही शिवलं का हिने एवढ्यात?"

सुनेने पाय पुढे केला. "ही पँट शुक्रवारी दुमडून दिली. टेबलावर पसरून, टेपने मोजून. बघा, केसभरही फरक नाही."

आत्याने मोजलं. खरंच नव्हता. म्हणजे शुक्रवारी टेबलावर मोजलेली पँट बरोबर आणि त्याच शुक्रवारी उभ्याने मोजलेले झगे चूक. चष्मा तोच, हात तेच.

काकू हे ऐकून जरा सरळ बसली, पण सुयांची डबी तिने बंदच केली.

३

गॅलरीत नाना कोरफडीच्या कुंडीला पाणी घालत होता. नाना म्हणजे आत्याचा धाकटा भाऊ, काकूचा नवरा. आयुष्यभर पुस्तकबांधणी केलेला माणूस, चार वर्षांपूर्वी निवृत्त झालेला. कुंडी आता लाकडी तुकड्यांवर उचलून ठेवलेली दिसली. इतकी वर्षं तिच्याखाली पाण्याचं तळं साचायचं.

"तुला काय वाटतं रे?" आत्याने विचारलं.

"मला शिवणातलं काय कळतं?" नाना कुंडीकडे बघतच म्हणाला. "वय झालं तिचंही. बरंच झालं एका अर्थी. दुपारी जरा बसेल तरी."

"बुधवारी घरात तूच होतास ना?"

"होतो की. मी कुठे जाणार?"

त्याच्याकडून आणखी काही निघेना. लहानपणापासून तो असाच. त्याच्या मनात काय चाललंय ते त्याच्या चपलांना विचारलं तर लवकर कळेल, असं आई म्हणायची. दुपारची जेवणं उरकल्यावर आत्या जिना उतरून कोपऱ्यावर गेली.

शिंपी दुकानात एका कोटाला अस्तर लावत होता. मशीन त्याच्याच पदरात पडणार होतं, काकूने काम बंद केलं की गल्लीतलं कामही त्याच्याकडेच येणार होतं. आत्याने आडपडदा न ठेवता त्याला तसं सांगितलं.

शिंप्याने सुई कोटात खोचली आणि तिच्याकडे बघितलं. त्याला राग आला होता, पण तो आवाज चढवणारा माणूस नव्हता.

"आत्याबाई, माझ्याकडे कुणी कड दुमडायला आणली तर मी त्याला काकूंकडे पाठवतो. वीस वर्षं पाठवतोय. काल त्या स्वतः इथे आल्या, म्हणाल्या मशीन घेऊन जा. मी हो म्हटलं, कारण नाही म्हटलं असतं तर दुसऱ्या कुणालातरी दिलं असतं. माझ्याकडे राहिलं म्हणजे उद्या परत मागता येईल."

आत्याला आपलीच जरा लाज वाटली. "बुधवारी तू तिकडे गेला होतास?"

"दुपारी गेलो होतो, खडू मागायला. काकू घरी नव्हत्या. नानांनी दार अर्धंच उघडलं. आत काही घेतलं नाही मला. खडू दारातूनच दिला."

नाना पाहुण्याला चहाशिवाय सोडत नाही. आत्या विचार करत परत निघाली, तेवढ्यात औषधाच्या दुकानातून तिला कुणीतरी हाक मारली. दुकानाची मालकीण गायनमंडळातली होती, अंगाने भरभक्कम आणि आवाजानेही. तिचा झगा मंगळवारचा, म्हणजे बरोबर आलेल्या पाचातला.

"काकूंना सांगा हो, माझी काही तक्रार नाही," औषधवाली म्हणाली. "आणि त्या स्टुलाचं काम फार छान केलंत."

"कुठलं काम?"

"मंगळवारी मी त्या स्टुलावरून पडता पडता वाचले. असं कलंडलं एकदम. नानांनी धरलं म्हणून, नाहीतर कार्यक्रमाला मी प्लॅस्टरमध्ये असते. शनिवारी धाकट्या जावेबरोबर आले तेव्हा मीही पुन्हा चढून बघितलं. दगडासारखं घट्ट. सरकवताना पूर्वी किती किंचाळायचं ते, आता तेही नाही. नवीन घेतलंत का?"

आत्या भर रस्त्यातच थबकली आणि एका सायकलवाल्याला तिला वळसा घालून जावं लागलं.

४

पट्टी तपासली, टेप तपासली, टाके तपासले. स्टूल तपासलंच नाही. तेहतीस वर्षं जमीन मोजताना तिने एकदाही जमिनीवर संशय घेतला नव्हता, आणि काकूच्या गिऱ्हाइकांची जमीन म्हणजे ते स्टूल होतं.

ती आली तेव्हा तीन वाजत आले होते. काकू आत पडली होती. आत्याने पुढच्या खोलीचं दार लोटून घेतलं आणि सुनेला हाक मारली.

"पट्टी धर. उभी. स्टुलाशेजारी."

सुनेने धरली. पट्टीवरची जुनी खाच स्टुलाच्या वरच्या फळीच्या पातळीला यायला हवी होती. ती वर होती, चांगली बोटभर वर. आत्याने मोजलं. स्टूल आठ इंच.

"आई रोज पट्टी धरतात, त्यांना दिसलं नाही?" सुनेने विचारलं.

"ती खाचेकडे बघतच नाही, बोटाने चाचपते. आणि नव्या चष्म्यातून चार दिवस जमीन जवळ-लांब वाटेल असं डॉक्टर सांगतातच. स्टूल बुटकं दिसलं तरी तिने चष्म्यालाच दोष दिला असेल." आत्या वाकली आणि भिंतीकडे बोट दाखवलं. जिथे स्टूल नेहमी टेकून ठेवलेलं असे तिथे रंगावर घासल्याची काळपट रेघ उमटली होती, वर्षानुवर्षांची. ती रेघ आता स्टुलाच्या कडेच्या एक इंच वर अधांतरी राहिली होती.

"माणूस एक इंच खाली उतरला, खाच मात्र होती तिथेच राहिली. म्हणून कड पायापासून चाराऐवजी पाच इंचांवर गेली. सात वेळा."

सुनेने स्टूल उलटं केलं. चारही पायांना खाली गोल कातडं चिकटवलेलं होतं. आत्याने एकाचं कातडं नखाने जरा उचललं. आत लाकूड ताजं, पिवळं. दुसऱ्याचं तसंच, तिसऱ्याचंही. चौथ्याचं लाकूड मात्र जुनं, काळं पडलेलं.

"तीनच पाय कापलेत," सून पुटपुटली.

"कारण चौथा आधीपासूनच तुटका होता. त्याच्याखाली ही चिंधीची घडी घालून ठेवत, जी तुला बुधवारी जमिनीवर सापडली. स्टुलाला तिची गरज उरली नव्हती." आत्याने टोपलीतून घडी काढून टेबलावर ठेवली. दाबून दाबून ती लाकडासारखी टणक झाली होती. "कुणीतरी तीन पाय कापून चौथ्याएवढे केले. आता त्या तीन चकत्या कुठे असतील?"

सुनेला ते माहीत नव्हतं. आत्याला माहीत होतं. सकाळीच तिने त्या पाहिल्या होत्या आणि त्यांना पाणीही घातलेलं पाहिलं होतं.

तिने स्टूल काखेला मारलं आणि ती गॅलरीकडे निघाली.

५

नाना तिथेच बसला होता. आत्याने उलटं स्टूल त्याच्यासमोर ठेवलं आणि कुंडी किंचित कलती केली. खाली तीन गोल लाकडी चकत्या होत्या, बाहेरून काळ्या गुळगुळीत, कापलेल्या बाजूला पिवळ्या.

"काम सुबक आहे," ती म्हणाली. "कातड्याची कड आत वळवून चिकटवलीय. सुतार असं करत नाही, शिंप्याला असं जमणार नाही. पुस्तकाच्या कोपऱ्यांना करतात असं."

नानाने कुंडी तिच्या हातून घेऊन सावकाश खाली ठेवली.

"ती बाई पडली असती," तो म्हणाला. "बुधवारी ही डॉक्टरकडे गेली तेव्हा मी करून टाकलं. शिंपी आला तेव्हा सगळीकडे भुसा होता, म्हणून त्याला आत घेतलं नाही. म्हटलं, ही आल्यावर बघेल, काहीतरी म्हणेल. तिने बघितलंच नाही. तीन-चार दिवस मी वाट बघितली."

"आणि काल चिठ्ठी आली तेव्हा?"

"तेव्हाच कळलं. एक इंच म्हटल्यावर मला कळणार नाही का?"

"मग तोंड का उघडलं नाहीस?"

"उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. तेवढ्यात ती म्हणाली, जाऊ दे, आता दुपारी तुमच्याजवळ बसत जाईन." नानाने कोरफडीचं एक पान उगाचच पुसलं. "चार वर्षं झाली मला घरी बसून. मी मधल्या दारातून वाकून बघतो, गिऱ्हाईक गेलं का. एक गेलं की दुसरं येतं. संध्याकाळी ती इतकी दमलेली असते की जेवतानाही बोलत नाही. मला वाटलं, एक इंचाने कुणाचं काय बिघडतंय."

आत्याला भावाची दया आली आणि रागही आला, दोन्ही एकदमच. लहानपणी पाटी फोडून ती गादीखाली लपवणारा हाच.

"कापलंस ते तिच्यासाठी," ती म्हणाली. "गप्प बसलास ते कुणासाठी?"

नाना पाण्याचा तांब्या उचलायला गेला, तो आत्याने बाजूला सरकवला.

"ती आत पडलीय. स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास उडालाय तिचा. साडेतीन होतायत. चारला मशीन जाईल. मी सांगू की तू सांगतोस?"

नाना उठला. त्याने कुंडीखालच्या तिन्ही चकत्या काढल्या, सदऱ्याला पुसल्या आणि हातात घेऊन तो आत गेला.

६

दाराआड काय बोलणं झालं ते आत्याने ऐकलं नाही. ऐकायचा प्रयत्न केला, पण नानाचा आवाज फारच बारीक होता.

काकू बाहेर आली ती थेट स्टुलापाशी गेली. पट्टी शेजारी उभी केली, बोटाने खाच चाचपली आणि तिथून बोट खाली स्टुलाच्या फळीवर आणलं. मग पुन्हा वर, पुन्हा खाली.

"म्हणजे डोळे बरे आहेत," ती कुणालाच उद्देशून न बोलता म्हणाली.

आणि ती रडली. चष्मा काढून डोळे पुसले, तो परत घातला आणि दारात उभ्या असलेल्या नवऱ्याकडे बघितलं.

"काल रात्री मी जागी होते. तुम्हीही जागेच होता. मला वाटलं, माझ्या काळजीने."

नानाचा चेहरा उतरला. "चुकलं माझं," तो म्हणाला. याहून जास्त त्याला कधी बोलता आलं नव्हतं, पण एवढं त्याने सगळ्यांदेखत म्हटलं.

काकूने मशीनवरची चादर ओढून काढली, तिची घडी केली आणि ती सुनेच्या हातात दिली. आत्याचा जीव भांड्यात पडला, पण लगेच तिला दुसरी धास्ती वाटली.

"अगं, पण झगे? कापड कापलं असशील ना खालचं?"

"मी कधी कापते का, वन्सं?" काकूला प्रश्नाचंच नवल वाटलं. तिने एक झगा उलटा केला. आत चार बोटं रुंद कापड दुमडलेलं होतं, जसंच्या तसं. "पोरी वाढतात. बायका उंच टाचांचे बूट घेतात. झगा उद्या उंच बहिणीकडे जातो. कड आत दुमडून ठेवली तर परत सोडता येते. एकेक इंच सोडायचा, ओलं फडकं ठेवून इस्त्री फिरवायची म्हणजे जुनी घडी मोडते. उद्या रात्रीपर्यंत सात होतील, हात असतील तर."

हात होते. सुनेने शिकवणीच्या पोरांना दोन दिवस सुट्टी असल्याचे निरोप धाडले. आत्याने भिंग उचललं. नानाने विचारलं, चकत्या परत चिकटवून देऊ का.

"नको. परत डुगडुगायला लागेल. स्टूल छान झालंय," काकू म्हणाली, आणि ज्या वाक्याची नानाने पाच दिवस वाट बघितली होती ते असं भलत्याच वेळी त्याला मिळालं. "खाच नवी पाडा. आठावर. जुनीवर काट मारा."

नानाने तीनदा मोजलं आणि मग चाकू लावला.

"आता मापाला माणूस हवा," काकू म्हणाली. तिने ढिगातून एक झगा काढला, तो नवऱ्याच्या अंगाला लावून बघितला. "ही बाई तुमच्याच उंचीची आहे. घाला."

"मी?"

"मग कोण? वन्सं उंच पडतात."

नानाने बहिणीकडे मदतीसाठी बघितलं. आत्याने तोंड फिरवून गॅलरीकडे बघायला सुरुवात केली, कारण तिला हसू आवरेना.

चारच्या ठोक्याला शिंपी हातगाडी खाली लावून वर आला. त्याला दिसलं ते असं: नाना जांभळा पायघोळ झगा घालून स्टुलावर ताठ उभा, काकू खुर्चीत बसून तोंडात टाचण्या धरलेली, सून इस्त्री फिरवतेय आणि आत्या गुडघ्यांवर बसून पोलादी टेपने मोजतेय.

"मशीन न्यायला आलो होतो," तो चाचरत म्हणाला.

काकूने तोंडातल्या टाचण्या काढल्या. "मशीन कामात आहे. तुम्हाला वेळ असेल तर तो तिसरा झगा उसवायला घ्या. टाके बारीक आहेत, जपून."

शिंप्याने झगा उचलला, खिडकीपाशी उजेडात नेला आणि खुशीत मान डोलावली.

"चार," आत्याने खालून जाहीर केलं. "नेमके चार."

"वळा," काकूने नवऱ्याला सांगितलं. तो थोडा वळला. ती पट्टी सरकवत, खूण करत मागून पुढे येत राहिली. पाऊण तास तो तसाच उभा होता, आणि इतका वेळ तिने दुसऱ्या कुणाकडे बघितलं नव्हतं.

"उद्यापासून दुपारी उसवायचं काम तुमचं," ती टाचणी लावता लावता म्हणाली. "इथे, माझ्या शेजारी बसून. खुर्ची आणा आतली."

"बरं."

"आणि पुन्हा घरातलं काही कापायचं मनात आलं ना..."

"आधी विचारेन," नाना घाईघाईने म्हणाला.

"विचारा. पण त्याच्याही आधी जरा दुमडून बघा."

नाना हो म्हणाला. मग तिने त्याला हलू नका असं सांगितलं आणि शेवटची टाचणी लावली.